दिव्याचं झाकण

शहापूर आणि मुरबाडच्या आपल्या गटांत सध्या माळ्यावरच्या जुन्या वस्तू खाली येऊ लागल्या आहेत. भंगारवाला त्या किलोवर घेतो, फार्महाऊसवाले शोभेसाठी मागतात. त्यांत कंदील बरेच. कंदील उघडायचा कसा, साफ कसा करायचा आणि पुन्हा घट्ट बंद कसा करायचा, असं आम्हाला गटागटांतून विचारलं जातं. ते सांगणारच आहोत. पण झाकण घट्ट का हवं, हे जुन्या गोष्टींतून जास्त चांगलं कळतं.

आपल्या पणजीच्या आजीच्या घरात दिव्याला झाकण नव्हतं. पणतीत करंजाचं नाहीतर मोहट्याचं तेल, त्यात कापसाची वात. दिवा कलंडला तर तेल सांडायचं आणि बहुतेक वेळा वात विझून जायची, कारण ही तेलं सहजासहजी भडकत नाहीत. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून डब्यांमधून रॉकेल येऊ लागलं. (रॉकेल हा शब्द 'रॉक ऑइल'वरून आला आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात ते घासलेट 'गॅस लाइट'वरून.) हे तेल स्वस्त होतं, उजेड जास्त द्यायचं, पण सांडलं की आग त्याच्या मागे धावायची. तेव्हापासून झाकणाला महत्त्व आलं.

गरिबाघरी मात्र झाकण कसलं? औषधाची रिकामी बाटली, पत्र्याच्या बुचाला भोक, त्यातून चिंधीची वात. झाली चिमणी. आपल्या पाड्यांवर, कातकरी-ठाकूर वस्तीवर कितीतरी वर्षं हाच दिवा होता. शहापूर तालुक्यातल्या तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, पुढे भातसाचंही गेलं; दिवे मात्र आपल्या पाड्यांवर फार उशिरा आले, हे आपल्याला सांगायला नको. ती चिमणी चुलीपाशी असायची, म्हणजे बाईपाशी. नुसतं बसवलेलं बूच बाटली आडवी होताच निघायचं आणि तेल पदरावर यायचं. अशा भाजलेल्या बायकांची आठवण नाही असं गाव सापडणं कठीण. तरी दिव्याच्या इतिहासात उजेडाचंच कौतुक असतं.

कंदिलानं यातलं पुष्कळ सुधारलं. तेल पत्र्याच्या बंद टाकीत, टाकीला आट्याचं झाकण, ज्योतीभोवती काच. दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्यांतून हवा ज्योतीला मिळते, म्हणून वाऱ्यातही तो विझत नाही. ही रचना अमेरिकेत निघाली. तिकडचे डीट्झचे आणि जर्मनीचे कंदील आपल्या बाजारात यायचे.

देशी कंदिलाची गोष्ट बचत गटाच्या बायकांनी तर ऐकायलाच हवी. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला आणि तिथे शिकलेली माणसं पुढे काचधंद्यात पसरली. मग १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी आपला काचकारखाना काढला. औंधच्या पंतप्रतिनिधींचा त्यांना आधार होता. ती वस्ती म्हणजे आजची ओगलेवाडी. तिथला कंदील वडिलांच्या नावानं निघाला, 'प्रभाकर'. तुमच्या कंदिलाच्या टाकीवरची माती पुसा, नाव उठलेलं दिसलं तर तो भंगाराच्या भावात देऊ नका.

अर्थात कंदील आधी पाटलाकडे, मास्तरांकडे. बाकीच्यांची चिमणी चालूच राहिली. श्रीलंकेतही तेच. तिथले शल्यवैद्य डॉ. विजया गोडाकुंबुरा रोज भाजलेले रुग्ण पाहून वैतागले आणि त्यांनी चिमणीच सुधारली. बाटली बुटकी, जड आणि चपट्या बाजूंची, म्हणजे पडली तरी गडगडणार नाही. झाकण पत्र्याचं आणि आट्याचं, म्हणजे आडवी झाली तरी सुटणार नाही. एवढंच. या कामाला १९९८ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. आमच्या मते दिव्याच्या इतिहासात हे पान मोठ्या अक्षरात छापायला हवं.

आता कंदील. तो दिवसा, अंगणात, चुलीपासून लांब उघडा. टाकीतलं जुनं तेल डब्यात काढा. गटारात, विहिरीजवळ ओतू नका. काच गार असतानाच काढा, राखेनं घासा, धुऊन कोरडी करा आणि वर्तमानपत्रानं पुसा. (पूर्वी हे काम लहान मुलींकडे यायचं, कारण काचेत त्यांचाच हात जायचा. संध्याकाळच्या अभ्यासाची वेळ त्यात जायची.) बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळा, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको. टाकीत बारीक खडे आणि साबणाचं पाणी घालून खळखळा, मग दोन दिवस ऊन द्या.

टाकी गळते का पाहायला पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा. पूर्वी गळतीवर साबण घासून वेळ मारून नेत. आता दोन वड्या मळून लावायचा लांबी मिळतो, तो लावा, पण अशा टाकीत पुन्हा रॉकेल भरू नका. कंदील शोभेपुरता ठेवा. रिकाम्या टाकीला आगीवर डाग द्यायला कुणी तयार झालं तरी नाही म्हणा. आत वाफ राहिलेली असते आणि टाकी फुटते. झाकणाच्या वायसरसाठी सायकलची ट्यूब कापू नका, रॉकेलनं रबर फुगतं. बाटलीच्या बुचाची पातळ चकती बसते.

गेल्या महिन्यात फार्महाऊसवर कामाला जाणाऱ्या एका ताईंना तिथून वेगळाच दिवा मिळाला. बाटलीत रंगीत पाणी आणि तळाशी मेण. याला लाव्हा लॅम्प म्हणतात. क्रेव्हन वॉकर नावाच्या इंग्रजानं तो १९६३ मध्ये बाजारात आणला. खालच्या बल्बनं मेण तापतं, फुगून हलकं होतं, वर जातं, गार होऊन खाली येतं. ताईंच्या दिव्यातलं पाणी गढूळ होतं आणि तोंडाला सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच. सगळ्यांचं मत पडलं, उघडा आणि पाणी बदला. आम्ही थांबवलं. जुन्या दिव्यांत मेण जड व्हावं म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी द्रव घालत. अमेरिकेनं १९७० मध्ये घरगुती वापरासाठी ते बंद केलं. कोणत्या बाटलीत काय आहे, हे बाहेरून कळत नाही. शिवाय ते बूच पुन्हा घट्ट बसवायला यंत्र लागतं. म्हणून बाटली नुसती बाहेरून पुसली आणि बल्ब बदलला. एलईडी चालत नाही, तो तापत नाही. जुना पिवळा बल्बच लागतो, आधीच्याच वॅटचा. मेण वर यायला दोन तास लागले. तोवर बायकांनी महिन्याच्या हप्त्यांचा हिशेब उरकून घेतला.