स्वरसाधक सत्याग्रही : पंडित नारायण मोरेश्वर खरे

गवई आणि राजसत्ता यांचा संबंध आपल्या देशांत जुना आहे. पण तो बहुधा आश्रिताचा आणि आश्रयदात्याचा. दरबारांत गाणाऱ्यास मान होता, बिदागी होती, क्वचित् इनामहि मिळे. मसलतींत मात्र त्यास स्थान नसे. विसाव्या शतकांत हा संबंध पालटला, आणि त्यास महाराष्ट्रांतील एक गुरुपरंपरा बऱ्याच अंशीं कारण झाली. त्या परंपरेंतील एका शिष्याचें चरित्र या दृष्टीनें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

परंपरेचे मूळपुरुष पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाड येथें झाला. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, तें राजाश्रयावर नव्हे, लोकाश्रयावर. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्यें अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनीं हरकत घेतली असतांहि पलुसकरांनीं ‘वंदे मातरम्’ गाइलेंच. दरबारांतून उठलेला गवई लोकसभेंत उभा राहिला तो असा.

पलुसकरांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे हे तासगांवचे, जन्म १८८९. गांधीजींनीं आपल्या सत्याग्रहाश्रमासाठीं संगीतशिक्षकाची मागणी केली, तेव्हां गुरूंनीं खऱ्यांस पाठविलें. आमच्या शेजारच्या पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं जन्मलेले विनोबा याच आश्रमांत होते. खऱ्यांनीं तेथें ‘आश्रम-भजनावलि’ सिद्ध केली. तींत संस्कृत श्लोक आहेत. हिंदी, गुजराती व मराठी संतांचीं पदें आहेत. १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं त्यांतील भजनांचें इंग्रजी भाषांतर मीराबहेनसाठीं केलें, यावरून त्या संग्रहाची योग्यता कळून येते.

सायंप्रार्थनेंत गीतेच्या द्वितीयाध्यायांतील स्थितप्रज्ञलक्षणाचे श्लोक म्हटले जात. त्या श्लोकांची कसोटी पंडितजींच्या घरींच लागली. १९३० च्या आरंभीं आश्रमांत देवीची सांथ येऊन तीन मुलें दगावलीं; त्यांत त्यांचा पुत्र होता. पुढें थोड्याच दिवसांनीं, १२ मार्च रोजीं, गांधीजींबरोबर दांडीस निघालेल्या ७८ जणांत खरे होते. चोवीस दिवसांत सुमारें २४० मैलांचा तो प्रवास झाला. रोज सकाळसायंकाळ प्रार्थना होई, आणि ती चालविण्याचें काम त्यांचें. पुत्रशोक ताजा असतां स्वर ढळूं न देणें हें रियाजानें साधत नाहीं; त्यास निष्ठा लागते.

येथें एक आक्षेप संभवतो. खऱ्यांस कोणतेंहि अधिकारपद नव्हतें. मग त्यांस राजकारणी म्हणावें कसें? त्यांचे गुरुबंधु पं. ओंकारनाथ ठाकूर भडोच जिल्हा काँग्रेस कमिटीचे अध्यक्ष झाले. पुढें लता मंगेशकर १९९९ ते २००५ पर्यंत राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्या होत्या. पहिल्या उदाहरणांत गवयानें अधिकार पत्करला, दुसऱ्यांत राष्ट्रानें गायिकेचा गौरव केला. दोन्ही प्रकार योग्यच होत. परंतु तेथें गाणें एकीकडे आणि पद दुसरीकडे. खऱ्यांच्या ठायीं हा भेद उरला नाहीं. कायदेभंग करणाऱ्या समूहास क्रोधापासून आवरून धरणें हेंच सत्याग्रहाचें अवघड अंग. आणि भिन्न प्रांतांच्या, भिन्न भाषांच्या माणसांस एका तालांत बांधण्याचें साधन त्यांच्या गळ्यांत होतें. तें त्यांनीं वापरलें. राजकारण म्हणजे केवळ पदप्राप्ति असें मानल्यास १९३० चा इतिहास लिहितांच येणार नाहीं.

१९३८ च्या फेब्रुवारींत हरिपुरा काँग्रेसच्या तयारीच्या वेळीं तेथेंच पंडितजींचा अंत झाला. पलटणींतला शिपाई ठाण्यावर पडावा तसें तें मरण होय.

दांडीनंतर सहा महिन्यांनीं, २५ सप्टेंबर १९३० रोजीं, पनवेलनजीकच्या चिरनेर येथें जंगल-सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्या काळच्या आमच्या प्रांतांतील सत्याग्रहाचीं साधनें जमवितांना केवळ तुरुंगांत गेलेल्यांच्या व सभांत बोललेल्यांच्या याद्या करून थांबूं नये. प्रभातफेरींत पुढें राहून कोण गात होतें, कोणतीं पदें गात होतें, हेंहि वृद्धांच्या घरीं जुन्या वह्या चाळून टिपून ठेवावें. पदाधिकाऱ्यांचीं नांवें दप्तरांत राहतात. गाणाराचें नांव मात्र ऐकणारांबरोबर नाहींसें होतें.