सावद्याहून जेद्दा : अंतर आणि वेळ

आपल्याकडे हजला निघणारा माणूस आधी देणी फेडतो आणि घरोघरी जाऊन कहा-सुना माफ करून घेतो. ही रीत आजही आहे. पण तिच्यात पूर्वी जी धास्ती असे, ती आता उरलेली नाही. गेलेला माणूस परत येईलच, असे त्या काळी कोणी धरून चालत नसे.

मोगल काळात खानदेशचे यात्रेकरू तापीच्या खोऱ्याने सुरतेस जात. सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. इंग्रज वकील सर थॉमस रो १६१५ साली सुरतेहून बुऱ्हाणपुरास आला, तेव्हा त्याला सुमारे पंधरवडा लागला होता. म्हणजे आपल्या भागातल्या माणसाचे इतके दिवस केवळ बंदर गाठण्यातच जात.

पुढचा हिशोब वाऱ्याच्या हाती. शिडाची जहाजे पावसाळ्यापूर्वी निघत आणि नैर्ऋत्येचा वारा धरून भाद्रपदाच्या सुमारास परतत. हजची तारीख चांद्र पंचांगाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, वारा मात्र आपली वेळ सोडत नाही. त्यामुळे काही वर्षी यात्रेकरूंना कित्येक महिने अडकून पडावे लागे. शिवाय चाच्यांचे भय होतेच. १६९५ साली खुद्द बादशहाचे ‘गंज-ए-सवाई’ जहाज परतीच्या वाटेवर इंग्रज चाच्यांनी लुटले, मग सामान्यांची काय कथा!

१८७० साली मुंबई–जबलपूर लोहमार्ग पुरा झाला आणि सावद्याच्या माणसाला मुंबई एका दिवसावर आली. आगबोटीने वाऱ्याची सक्तीही संपवली. परंतु १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर साथीच्या भीतीने यात्रेकरूंना उतरवून काही दिवस ठेवीत. वारा सुटला, तर ही नवी अडवणूक आली. मुंबईत जहाजाची वाट पाहत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात दिवस काढलेले वडीलधारे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. जहाजाचा हा प्रवास १९९५ साली बंद झाला.

विद्यार्थी मित्रांनो, आता नकाशा उघडा. जहाज अरबस्तानाला वळसा घालून, एडनजवळच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून वर चढते. तो मार्ग सुमारे ४,३०० किलोमीटरचा आहे. विमान अरबस्तानावरून जवळजवळ सरळ जाते. ते अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर भरते. त्याला पाच ते साडेपाच तास पुरतात. जेद्दाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. म्हणून सकाळी आठला मुंबई सोडलेले विमान साडेपाच तासांनी उतरले, तरी तेथे अकराच वाजलेले असतात.

गंमत अशी की, सावद्याहून मुंबईला रेल्वेने जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो!

आणि वाऱ्याचा हिशोब अजूनही पुरता सुटलेला नाही. हिवाळ्यात उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो विमानाच्या समोरून येतो आणि येताना पाठीशी असतो. म्हणून हाजी घरी परतताना, अंतर तेवढेच असूनही, विमान थोडे लवकर पोहोचते.