१२ जून : ‘गणगोत’ जपणारा माणूस

पु. ल. देशपांडे यांचे १२ जून २००० रोजी पुण्यात निधन झाले. १९४६ साली याच तारखेला रत्नागिरीत सुनीताबाईंशी त्यांचे लग्न झाले होते.

मैफलींत रमणारे पु. ल. घरच्या माणसांतही तितकेच रमले. ‘गणगोत’ या त्यांच्या व्यक्तिचित्रसंग्रहात आजोबा ‘ऋग्वेदी’, घरातल्या ‘बाय’ आणि छोटा ‘दिनेश’ हे बेळगावचे स्नेही रावसाहेब यांच्याच पंगतीला बसतात. घरच्या साध्या माणसांवर इतक्या मायेने आणि इतके मन लावून लिहिता येते, हे मराठी वाचकाला त्यांनी दाखवले. मला त्यांच्या विनोदाहूनही हे मोठे वाटते. आणि आपले घर त्यांनी चार भिंतींपुरते कधी मानलेच नाही. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, ते पु. ल. आणि सुनीताबाई या दांपत्याच्या देणगीतून. व्यसनाने मोडलेले कितीतरी संसार तिथे आजही सावरत आहेत.