पिरोश्का : एका नामाचे तीन अर्थ

हंगेरीत 'पिरोश' म्हणजे तांबडा. त्यामुळे 'पिरोश्का' हे स्त्रीनाम तेथे सहजच रंगवाचक वाटते. लाल टोपडे घालणाऱ्या मुलीच्या युरोपीय लोककथेची नायिका हंगेरीत पिरोश्काच आहे. परंतु या नामाचे मूळ निराळे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (16:3) जिला सलाम सांगितला त्या प्रिस्काचेच हे नाम होय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुरातन, पूज्य. प्राचीन हंगेरियन जिभेस शब्दारंभीचे जोडाक्षर पेलत नसे. आपल्या खेड्यांत 'प्रसादा'चा 'परसाद' होतो, तद्वत तेथे प्रिस्काची पिरोश्का झाली आणि रंगाचा अर्थ मागाहून चिकटला.

राजा पहिला लास्लो (कारकीर्द 1077 ते 1095) याच्या कन्येचे नाव हेच होते. कॉन्स्टंटिनोपलच्या योहान कोम्नेनोसशी विवाह होताच तिला 'आयरीनी', अर्थात शांती, हे ग्रीक नाम मिळाले. हागिया सोफियातील भित्तिचित्रावर तेच कोरले आहे. तिने पांतोक्रातोर मठाच्या उभारणीस आरंभ केला. 1134 मध्ये ती निवर्तली. 1136 च्या सनदेने सम्राट योहानाने त्या मठाच्या रुग्णालयात 50 खाटांची व्यवस्था लावून दिली. पूर्वेकडील मंडळी तिला संत मानते.

बाप्तिस्म्यापूर्वी आईबाप नामाचा अर्थ विचारतात. तेव्हा धर्मशिक्षकाने केवळ व्युत्पत्तीवर थांबू नये. मूळ शब्दकोश सांगतो, रूढ अर्थ लोक सांगतात. परंतु ते नाम कोणी कसे वागवले, हे सांगणे आपल्याकडेच येते.