दोरा आणि ओठ

लालबाग-परळवर लिहिलं की एक दुःख ठरलेलं: गाव सुटलं. कोकणातनं, घाटावरनं माणूस आला, भोंग्याला जुंपला, रात्री खोलीत गाव आठवून रडला. खोटं नाही ते. पण मी गिरणी कामगार विचारतो, ज्याचं घर वेशीबाहेर होतं त्यानं कुठल्या गावासाठी रडायचं?

त्याला वाटलं, मशीन जात विचारत नाही. पण साचेखात्यात पगार जास्त आणि तिथंच त्याला बंदी. धोट्यात नवी कांडी घातली की दोरा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नव्हता. आपला माणूस राहिला कमी पगाराच्या रिंगखात्यात.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं: सगळी खाती आम्हाला खुली करा ही मागणी घ्या, नाहीतर आमची माणसं संपात नाहीत. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनं घेतली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे.

म्हणून बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मधला रेल्वे कामगार परगावी जात लपवून खोली मिळवतो. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना गावावर राहिली' मध्येही विरह माणसाचा आहे, पाटलाच्या वाड्याचा नाही.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी गेली, टॉवर आले. आता गिरणगावासाठी सगळेच हळहळतात. त्या आठवणीत धोटा कुठाय? वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, तुम्ही कुठल्या खात्यात होता, आणि का. ते मरायच्या आत लिहून काढा.