विमान नसतं तेव्हा टॉवरमध्ये काय चालतं?

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

खराडीत राहायला आलेल्या माणसाला दोन आवाजांची सवय करून घ्यावी लागते. एक नगर रोडच्या ट्रॅफिकचा आणि दुसरा डोक्यावरच्या विमानांचा. लोहगावचा विमानतळ आमच्या उशाशीच आहे. दिवसा हवाई दलाची लढाऊ विमानं खिडक्यांची तावदानं हलवून जातात, रात्री प्रवासी विमानांची रांग लागते. पाहुणे दचकतात, आम्ही कूसही बदलत नाही.

२६ ऑक्टोबर २०२० पासून मात्र आमची रात्र एकदम मुकी झाली. धावपट्टीच्या कामासाठी रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद, तीही वर्षभर. पुढच्या वर्षी १६ ते २९ ऑक्टोबर तर चोवीस तास बंद. गंमत म्हणजे त्या शांततेत मला झोप लागेना. मी गच्चीवर जायला लागलो, आणि तिथे आमच्या सोसायटीतले एक काका भेटायला लागले. विमानतळ प्राधिकरणातून एअर ट्रॅफिक कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, मुंबई आणि नागपूर केलेले. (लोहगावचं नियंत्रण हवाई दलाकडे असतं, त्यामुळे इथल्या टॉवरशी त्यांचा संबंध नाही. कुणी जोडू नये.)

एका रात्री मी पत्रकारी आगाऊपणानं विचारलं, "काका, रात्री विमानंच नसली की तुम्ही लोक टाइमपास काय करायचात?"

काका म्हणाले, "विमान नसतं रे, ड्यूटी असते."

मग हळूहळू खुलले. दर अर्ध्या तासाला हवामानाचा रिपोर्ट येतो, तो बघायचा. शेजारच्या केंद्रांशी हॉटलाइन लागते का ते तपासायचं. कागदी स्ट्रिपांचा जमाना होता तेव्हा कोऱ्या स्ट्रिपा होल्डरमध्ये सरकवून ठेवायच्या, पहाटेच्या गर्दीची तयारी म्हणून. थर्मासमधला चहा. बदल्या, वेतन आयोग, पोरांच्या ॲडमिशन. लॉगबुकखाली घडी घालून ठेवलेलं शब्दकोडं. "आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे झोप न येऊ देणं," ते म्हणाले. "त्याचं ट्रेनिंग कुणी देत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण मी स्वतः रात्रपाळी केलीय. डिप्लोमा करून एका दैनिकात चिकटलो तेव्हा शेवटचं पान सुटलं की डेस्कवर एकटाच उरायचो. एका रात्री दोनच्या सुमारास टेबलावर डोकं टेकलं. उठलो तेव्हा आमच्याच तालुक्यातल्या अपघाताची बातमी स्क्रीनवर येऊन पाऊण तास झाला होता आणि छपाई सुरू होती. सकाळी ती बातमी सगळ्यांकडे, फक्त आमच्याकडे नाही. संपादकांनी झापलं, बरोबरच होतं. पण माझ्या डुलकीनं कुणी मेलं नाही. म्हणून मग या विषयाचा जुना-नवा इतिहास वाचत गेलो. तो इथे मांडतोय.

सुरुवातीला टॉवरच नव्हते. अमेरिकेत सेंट लुईसच्या विमानतळावर १९२९ साली आर्ची लीग नावाचा माणूस एका हातगाडीवर घडीची खुर्ची, वही, दोन झेंडे आणि जेवणाचा डबा घेऊन मैदानात जाऊन बसायचा. विमान आलं की झेंडा दाखवायचा. नाही आलं तर बसून राहायचा. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तेव्हा विमानात रेडिओसुद्धा नव्हता. खालच्या लोकांनी आभाळाकडे बघत थांबायचं, बस्स. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, मग टाटांचं सगळं बिऱ्हाड पुण्याला यायचं. दोन विमानं, तीन पायलट, तीन मेकॅनिक. आणि उतरायचं कुठे, तर येरवडा जेलच्या सावलीतल्या मैदानावर! खराडीहून येरवडा केवढं? सिग्नल सुटले तर वीस मिनिटं. (सुटत नाहीत.)

त्या काळी वाट बघणं हा धोका नव्हता, कारण आभाळ मोकळं होतं. धोका आला तो रडारबरोबर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लक्षात आलं की पाणबुड्या शोधणारे रडारवरचे लोक काही वेळानं पडद्यावरचा ठिपका समोर असूनही चुकवतात. आळशी म्हणून नाही, चांगले तयार केलेले लोक. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक घड्याळ बनवलं. काटा ठरावीक उड्या मारत पुढे जायचा आणि मधूनच एखादी उडी दुप्पट मारायचा. ती दिसली की बटण दाबायचं. दोन तास. १९४८ मध्ये त्यानं निष्कर्ष छापले, आणि निष्कर्ष असा की पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची नजर घसरायला लागते. काही घडत नसताना बघत राहणं हे माणसाला जमत नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो.

म्हणजे १९४८ मध्येच हे माहीत झालं होतं. हे साल लक्षात ठेवा.

आता नागपूर. काका तिथे असताना जुने लोक नाइट एअरमेलच्या गोष्टी सांगायचे. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण ३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमान बदलायचे, आणि चारही विमानं आपापल्या शहरात पहाटेपर्यंत परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यात! रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते, त्यांचा हा हट्ट. सत्तरच्या दशकापर्यंत ही सेवा चालली.

टपाल खात्याच्या इतिहासात ही गोष्ट अभिमानानं लिहिली जाते, आणि लिहावीच. मला मात्र त्या रात्रीचा आकार दिसतो. आधी शांत. मग चार दिशांनी चार विमानं जवळजवळ एकदम, चाकं टेकवायला एकच विमानतळ, खाली धावपळ, पिशव्या, पेट्रोल, प्रवाशांचा चहा. मग चारही निघून जातात आणि पुन्हा शांत. काकांच्या मते यात सगळ्यात अवघड काय असेल? चार विमानं? नाही. "चार विमानं आली की माणूस आपोआप जागा होतो," ते म्हणाले. "शेवटचं विमान वर गेलं, डोकं हलकं झालं, की जी झोप चढते ना, ती वाईट. आणि तेव्हाच नेमकं एखादं इंजिन बिघडून परत फिरतं."

पुढे रडार आले, संगणक आले, मुंबईत २०१३ साली ८३.८ मीटर उंचीचा नवा टॉवर झाला. पण रात्री तीनला होणारी माणसाची अवस्था तीच राहिली. आणि जगभरच्या व्यवस्थांनी काय केलं? झोप नावाची गोष्ट नाहीच, असं कागदावर लिहून ठेवलं आणि प्रत्यक्षात तिच्याकडे डोळेझाक केली.

याची सगळ्यात मोठी किंमत १ जुलै २००२ च्या रात्री मोजली गेली. झुरिकच्या स्कायगाइड या कंपनीच्या नियंत्रण केंद्रात दोन कंट्रोलर ड्यूटीवर होते. रात्री गर्दी कमी, म्हणून एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं विश्रांतीच्या खोलीत जायचं, ही तिथली जुनी पद्धत. नियमात बसत नव्हती, पण वरिष्ठांना माहीत होती आणि चालत होती. त्या रात्री नेमकं यंत्रणेच्या देखभालीचं काम चालू होतं. धोक्याची सूचना देणारी रडारची व्यवस्था पूर्ण चालत नव्हती, मुख्य टेलिफोन बंद होता. एकटा कंट्रोलर दोन पडदे सांभाळत होता. उशिरा आलेल्या एका विमानाला उतरवण्यात गुंतला, तोवर जर्मनीतल्या युबरलिंगेनवर एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकाच उंचीवर एकमेकांच्या वाटेत येत होती. शेजारच्या जर्मन केंद्राला ते दिसत होतं. ते फोन लावत राहिले, फोन लागला नाही. ७१ माणसं गेली, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. दोन वर्षांनी, बायको आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका बापानं त्या कंट्रोलरला त्याच्या घराच्या दारात भोसकून मारलं. न्यायालयाचा निकाल आला २००७ मध्ये आणि कंपनीचे चार जण दोषी ठरले.

क्रम बघा. आधी खालचा माणूस मेला, मग व्यवस्थेची चूक सिद्ध झाली.

अमेरिकेतला किस्सा थोडा हलका आहे, पण शिकण्यासारखा. २३ मार्च २०११ ला मध्यरात्रीनंतर वॉशिंग्टनच्या विमानतळावर दोन विमानं टॉवरशी संपर्क न होताच उतरली. टॉवरमध्ये एकच सुपरवायझर होता, त्याची सलग चौथी रात्रपाळी होती आणि तो झोपला होता. बातमी फुटली आणि मग देशभरातून अशाच बातम्या यायला लागल्या. एप्रिलमध्ये ओहायोतल्या एका केंद्रात कंट्रोलर ड्यूटीवर सिनेमा बघत होता आणि त्याचा माइक चुकून चालू राहिला. आभाळातल्या पायलटांना तीन मिनिटं सिनेमाचे संवाद ऐकू गेले! चॅनेलवाल्यांची चंगळ झाली. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

पण नंतर जे झालं ते कुणी फारसं छापलं नाही. रात्री एकटा माणूस ठेवणं बंद केलं. दोन पाळ्यांमधली किमान विश्रांती आठ तासांची नऊ केली. आणि त्याच उन्हाळ्यात कर्मचारी संघटनेबरोबर असं ठरलं की रात्री दहा ते सकाळी सहा, वाहतूक कमी असेल तर, कंट्रोलरनं रेडिओ ऐकावा आणि छापील मजकूर वाचावा. म्हणजे काकांचं लॉगबुकखालचं शब्दकोडं तिथे अधिकृत झालं! ठरवून मधे डुलकी घेऊ द्या, ही तज्ज्ञांची शिफारस मात्र तिथल्या वाहतूक मंत्र्यांनी उडवून लावली. झोपायचे पगार आम्ही देणार नाही, असा त्यांचा सूर. खरं तर नासानं पायलटांवर अभ्यास करून आधीच दाखवलं होतं की साधारण अर्ध्या तासाच्या डुलकीनं माणूस कितीतरी सावध होतो. ब्रिटनमध्ये दोन तास पडद्यासमोर बसलं की अर्धा तास उठायचंच, असा नियम आहे. तिथे कुणी त्याला फुकटचा पगार म्हणत नाही.

आता आपलं. डीजीसीएनं कंट्रोलरच्या ड्यूटीच्या तासांचे आणि विश्रांतीचे नियम केलेले आहेत. पण नियम पाळायला माणसं लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं विमान सुरक्षेवर अहवाल दिला, त्यात कंट्रोलरांची कमतरता आणि त्यांचा थकवा या दोन्हींवर बोट ठेवलंय. आपल्या पुण्यातल्या चर्चेत काय असतं? नवं टर्मिनल (२०२४ ला झालं), पार्किंग, टॅक्सीवाल्यांचे दर. नवी मुंबईच्या विमानतळाचं २०२५ ला उद्घाटन झालं तेव्हा छताच्या कमळाचे फोटो आम्हीच छापले. टॉवरमध्ये बसायला माणसं किती लागतील, हा प्रश्न मीही कुणाला विचारला नाही. कबूल करतो.

आणि ही माणसं एका रात्रीत तयार होत नाहीत. विज्ञानाची नाहीतर इंजिनिअरिंगची पदवी, परीक्षा, मग प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियात प्रशिक्षण, मग प्रत्येक ठिकाणचं वेगळं रेटिंग. टर्मिनलला काँट्रॅक्टर मिळतो. याला मिळत नाही.

मी काकांना शेवटी सरळ विचारलं, "तुम्ही कधी ड्यूटीवर झोपलात का?" ते बराच वेळ लोहगावच्या दिशेला बघत राहिले. तिथे तेव्हा फक्त काम करणाऱ्यांचे दिवे होते. मग म्हणाले, "शेजारचा जागा असायचा म्हणून मी कधी पकडला गेलो नाही. तो झोपला की मी जागा. लिहायचं असेल तर असं लिही, की आम्ही दोघं होतो."

लिहिलं, काका.

नागपूरकर मित्रांना एक विनंती. सोनेगावच्या त्या एअरमेलच्या रात्री ज्यांच्या घरातल्या कुणी बघितल्या असतील, मग ते टपालातले असोत, कँटीनमधले की टॉवरमधले, त्यांनी कॉमेंटमध्ये नक्की सांगावं. चार विमानं निघून गेल्यावर सकाळपर्यंत ते काय करायचे, हे मला ऐकायचंय.