कार्नेगी मेलनमध्ये मुली टिकल्या, त्याचा इतिहास

अमेरिकेत १९८४च्या सुमारास संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रिया ३७ टक्क्यांच्या आसपास होत्या. पुढे हे प्रमाण घसरत गेले. याच काळात घरोघरी संगणक येऊ लागले आणि ते बहुतेक वेळा मुलाच्या खोलीत जाऊन बसले. भाऊ रात्र रात्र त्यावर खटपट करत शिकला. बहिणीच्या वाट्याला तो क्वचितच आला. विद्यापीठाच्या पहिल्या वर्गात हे दोघे शेजारी बसले, तेव्हा त्यांच्यातले अंतर वर्षानुवर्षांच्या सरावाचे होते. वर्गात मात्र ते बुद्धीचे अंतर समजले गेले.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांत मुली अवघ्या ७ टक्के होत्या. शाखा सोडून जाण्याचे प्रमाणही मुलांपेक्षा मुलींत जास्त होते. तिथल्या पदवी अभ्यासक्रमाची धुरा वाहणारे ॲलन फिशर आणि समाजशास्त्रीय अभ्यासक जेन मार्गोलिस यांनी स्लोन प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने शंभराहून अधिक मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. अनेकांशी ते वर्षागणिक पुन्हा बोलले. त्यातूनच २००२ साली ‘अनलॉकिंग द क्लबहाउस’ हे पुस्तक आले.

मुलाखतींतून हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट क्रमाची होती. सोडून जाणारी मुलगी ‘मला यात रस उरला नाही’ असे सांगे आणि विभाग तिचे म्हणणे मान्य करून मोकळा होई. पण मागची वर्षे तपासली की दिसे, आधी आत्मविश्वास गेला आणि रस त्याच्या मागून आटला. चांगले गुण असलेल्या मुलीही आजूबाजूच्या मुलांकडे पाहून ‘आपण यांच्यातल्या नाही’ असे ठरवत होत्या. दिवसरात्र संगणकाला चिकटलेला, दुसरे काही न सुचणारा तरुण हाच खरा संगणकवाला, अशी प्रतिमा विभागात रुजली होती. कित्येक मुलांनाही ती लागू पडत नव्हती. पण त्यावरून ‘तू इथे कशाला?’ असे त्यांना कोणी विचारत नसे.

दुसरा फरक हेतूचा होता. मुलाखत दिलेल्या मुलींपैकी ४४ टक्के जणींनी संगणकाची आवड वैद्यक, शिक्षण, कला अशा दुसऱ्या एखाद्या क्षेत्राशी जोडली. मुलांत हे प्रमाण ९ टक्के होते. परदेशांतून आलेल्या मुलींचे अनुभव वेगळेच निघाले. त्यांच्यापैकी अनेकींनी आधी फारसा संगणक हाताळलेला नव्हता, तरी त्या नेटाने टिकल्या, कारण ही विद्या हमखास रोजगार देईल या हिशेबाने त्या आल्या होत्या. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. संगणक हे मुलींचे काम नव्हे, ही समजूत जगभर सारखी नाही, याचा याहून चांगला पुरावा नको.

मग विभागाने स्वतःत बदल केले. प्रोग्रामिंगचा पूर्वानुभव असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकाच वर्गात कोंबण्याऐवजी पहिल्या वर्षात शिरण्याच्या निरनिराळ्या वाटा केल्या. प्राथमिक विषय अधिक कसलेल्या शिक्षकांकडे दिले. पूर्वानुभवावरून पुढचे यश ठरत नाही, हे अभ्यासात दिसलेच होते. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी त्याला दिले जाणारे वजन कमी केले. संगणकशास्त्र विद्यालयाचे तेव्हाचे अधिष्ठाते, मूळचे आंध्रचे राज रेड्डी यांनी उद्याचे नेतृत्व करू शकतील असे विद्यार्थी शोधण्याचा आग्रह धरला होता, तो इथे कामी आला. १९९७ ते १९९९च्या उन्हाळ्यांत २४० शालेय शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यात प्रोग्रामिंगच्या जोडीने मुलींना वर्गात कसे सामावून घ्यावे, हाही विषय होता.

२००० साली पहिल्या वर्षातील मुलींचे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. संख्या वाढली तरी एकटेपणाचा प्रश्न राहतोच. गणितज्ञ लेनोर ब्लम १९९९ मध्ये तिथे आल्या आणि त्यांच्या पुढाकाराने विद्यार्थिनींची संघटना उभी राहिली. वरच्या वर्गातल्या मुलीने नवख्या मुलीची थोरली बहीण व्हावे, ही संघटनेची साधी आणि टिकाऊ रीत. मुलांना अशा ओळखी वसतिगृहात आपसूक मिळत आल्या होत्या. मुलींसाठी त्या मुद्दाम घडवाव्या लागल्या.

पुढे मतभेदही झाला. ब्लम आणि त्यांच्या सहकारी कॅरल फ्रीझ यांनी नंतर घेतलेल्या मुलाखतींवरून असे मांडले की, वर्गातले प्रमाण सुधारले की मुलामुलींच्या आवडींतला फरक बराचसा विरतो, म्हणून मुलींसाठी अभ्यासक्रम वेगळा वळवण्याची गरज नाही. हे म्हणणे फिशर आणि मार्गोलिस यांचे निष्कर्ष खोडत नाही. मुली ७ टक्के असताना घेतलेल्या मुलाखती आणि ४० टक्के असताना घेतलेल्या मुलाखती सारख्या निघणारच नव्हत्या.

२०१६ साली कार्नेगी मेलनच्या संगणकशास्त्र विद्यालयात पहिल्या वर्षाला आलेल्यांत मुली ४८ टक्क्यांहून अधिक होत्या.